दाताच्या खुर्चीतून पळालेली मैत्रीण

"ताई, तीन वर्षांपूर्वी अपघात झाला. अर्धा तास गाडीत अडकून होते. जखमा भरल्या, आता गाडीही चालवते. पण परवा दाताच्या डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, तोंडावर दिवा आला आणि मी त्यांचा हात झिडकारून पळाले. 'लहान मुलंसुद्धा एवढी घाबरत नाहीत,' म्हणून ते हसले. घरचे म्हणतात, मन घट्ट कर. दाढ ठणकतेच आहे. मी इतकी भित्री आहे का?"

मैत्रिणी,

नाही. भित्री असतीस तर पुन्हा स्टिअरिंगवर बसली नसतीस.

ती खुर्ची आठवून बघ. पाठीवर आडवी, उठता येत नाही, डोळ्यांवर उजेड, कुणीतरी वर वाकलेलं आणि तोंडात अवजारं, म्हणजे 'थांबा' म्हणायचीही सोय नाही. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. तो तारीख-वार बघत नाही. खुणा जुळल्या की घंटा. विचार मागाहून धापा टाकत येतो. पळायचं तू ठरवलंच नव्हतंस, पाय आधीच निघाले होते. म्हणून तर 'मन घट्ट कर' याचा उपयोग होत नाही. (सांगणाऱ्यांची माया खरी असते, सल्ला कुचकामी.)

डॉक्टरांचं हसणं मात्र चुकलंच. आघाताचं भान ठेवून उपचार करणं, म्हणजे ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर, ही आता नवलाई राहिलेली नाही. अमेरिकेतल्या साम्हसा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये तिची सहा तत्त्वं मांडली. सुरक्षित वाटणं, विश्वास आणि रुग्णाच्या शब्दाला किंमत ही त्यातलीच. 'हिला झालंय तरी काय' म्हणून कपाळाला आठ्या घालण्याऐवजी 'हिच्यावर काय गुदरलं असेल' हे मनात आणायचं. त्यासाठी पेशंटची कहाणी ठाऊक असावी लागत नाही.

तेव्हा दुसरा डॉक्टर बघ. फोनवरच सांग, "अपघातानंतर मला आडवं झोपवलं की घाबरायला होतं." एवढंच, तपशील नकोत. पहिल्या भेटीत नुसतं बोलणं. खुर्ची जमेल तितकी उभी, दिव्यासाठी गडद चष्मा, काहीही करण्याआधी तोंडाने सांगायचं. आणि मुख्य म्हणजे तू डावा हात वर केलास की थांबायचं. एकदा उगाचच हात वर करून बघ. डॉक्टर खरंच थांबले की शरीराला जे पटतं ते शंभर वेळा समजावूनही पटत नाही. यावर कुणी कुरकुरलं तर तिसरा डॉक्टर.

एकटी जाऊ नकोस. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. हलाखीत वाढूनही जी सावरली, त्यांच्यापाशी बहुधा एखादं तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. चिवटपणा असा उसना आधार घेऊनच येतो, त्यात कमीपणा कसला? सल्ला न देता शेजारी बसून राहील असं माणूस निवड.

झोप उडत असेल, अपघाताची स्वप्नं पडत असतील, तर आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेट. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलत जाणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन त्या आठवणींची धार कमी करणारी) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केली आहे. ते सावकाश झालं तरी चालेल. दाढेचं मात्र या आठवड्यातच बघ, आणि गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

तुझी ताई