पाणी कोण भरतं?

*"ताई, वय ४४, राहायला भायखळ्याला, नोकरी फोर्टात. दोन वर्षांपासून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचं लिखाण वाचतोय: डिडाखे हे मंडळीच्या शिकवणीचं छोटं पुस्तक, मिसरच्या वाळवंटातल्या साधूंची वचनं. बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतो. रोज पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करतो. तरी ऑफिसातल्या एका बाईंबद्दल मनात विचार येतात. वावगं काही घडलेलं नाही, आम्ही फक्त चहाला जातो. पण गुडघे टेकले की तोच चेहरा समोर येतो. त्यात ती पाण्याची वेळ, बादल्यांच्या आवाजाने चित्त ठरत नाही. मिसेसना या विषयात रस नाही. मोह होणं हेच पाप का? माझा विश्वास खोटा आहे का? नोकरी सोडू का? – एक पापी सेवक"*

सेवकभाऊ,

तुमचं पत्र नऊ पानांचं आहे, वर छापलाय तो अर्क. नऊतली साडेतीन पानं त्या बाईंवर, दोन सैतानावर, बायकोवर एक ओळ आणि बादल्यांवर एक. मी त्या बादल्यांपाशीच अडकले.

बादल्या भरतं कोण हो?

तुम्ही ते लिहिलेलं नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज व्हावा तसा तुमच्या घरात बादल्यांचा आवाज होतो. पण भायखळ्याच्या चाळीत बादल्या आपल्या पायांनी नळाखाली जाऊन बसत नाहीत. कुणीतरी चारच्या आधी उठून पाइप लावतं. पिंप भरतं, हंडा भरतं, कळशी भरतं, धार बारीक झाली की पाइप काढून तांब्याने भरतं, आणि पाणी जायच्या आत धुणं भिजवतं. दीड खोलीत तुमच्या पाठीमागे चार हातांवर हे चाललेलं असतं आणि तुम्ही डोळे मिटून प्रभूला सांगता, चित्त ठरत नाही. एका घरात दोघं चारला उठतात. एकाच्या उठण्याला भक्ती म्हणायचं आणि दुसरीच्या उठण्याला आवाज!

माझा सूर चढलाय, मला कळतंय. आमचे वडील प्रचारक होते. शनिवारी रात्री ते प्रवचन लिहायला बसले की आई आम्हा पाच भावंडांना गॅलरीत नेऊन गप्प बसवायची. रविवारी तेच प्रवचन चालू असताना ती देवळाच्या मागच्या दाराशी धाकट्याला खांद्यावर थोपटत उभी असायची. वडिलांचं एक तरी प्रवचन तिने पुरतं ऐकलं असेल का, मला शंकाच आहे. तेव्हा माझ्याकडून तुम्हाला सहानुभूती मिळाली नाही तर दोष थोडा तिच्याकडे जातो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते लहान आहे. मनात विचार येणं पाप नाही. त्या वाळवंटातल्या साधूंपैकी अब्बा (म्हणजे बाबा) पोएमेनकडे असाच एक भाऊ विचारांनी हैराण होऊन आला. म्हाताऱ्याने त्याला बाहेर नेलं आणि म्हणाला, छाती उघडी टाक आणि वारा धरून ठेव. तो म्हणाला, हे कसं जमेल? मग विचारांना येऊ न देणंही जमायचं नाही, पोएमेन म्हणाला, त्यांना सामोरं उभं राहणं तेवढं तुझं काम. त्याच साधूंतल्या अंतोनीने तर मोहाची परीक्षा झाल्याशिवाय कुणाला स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही असंच सांगून ठेवलंय. नोकरी वगैरे सोडू नका. मुंबईत मोहासाठी नोकरी सोडायची म्हटली तर लोकल रिकाम्या धावतील.

आता मुद्द्याचं. ही वचनं तुम्ही वाचता, तर त्यात बुटक्या योहानाची गोष्ट वाचलीच असणार. तो थोरल्या भावाबरोबर राहायचा. एक दिवस म्हणाला, मला देवदूतांसारखं निश्चिंत व्हायचंय, ते काही काम करत नाहीत, अखंड देवाची सेवा करतात. झगा काढून ठेवला आणि निघाला वाळवंटात. आठवड्याने परत येऊन दार ठोठावतो तर आतून भाऊ विचारतो, कोण? "मी योहान, तुझा भाऊ." आतून उत्तर: "योहान देवदूत झाला, तो आता माणसांत नाही." हा विनवण्या करतोय, पण भावाने त्याला सकाळपर्यंत बाहेरच तिष्ठत ठेवलं. मग दार उघडून म्हणाला, तू माणूस आहेस, खायचं असेल तर पुन्हा काम करायला लागशील. योहानाने पालथं पडून क्षमा मागितली.

पुढे योहान मोठा अब्बा झाला. दाराआडच्या त्या भावाचं नाव गोष्टीत दिलेलं नाही. तो आठवडाभर पाणी कुणी भरलं असेल, तुम्हीच सांगा.

डिडाखेचंही तेच. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ते हस्तलिखित हाती लागलं, दहा वर्षांनी छापलं गेलं, आणि आज तुम्ही ते मोबाइलवर वाचता, छान आहे. त्याच्या आठव्या अध्यायातले बुधवार-शुक्रवार तुम्ही काटेकोर पाळता. सहावा मात्र चाळून पुढे गेलात. तिथे लिहिलंय की प्रभूचं सगळं जू वाहता आलं तर तू परिपूर्ण होशील, नाही आलं तर जमेल तेवढं कर. तुम्ही जू निवडलंत ते बिनपाण्याचं.

उपासावरही एक विचारते. त्या दोन दिवशी संध्याकाळी तुमच्या ताटात काय असतं आणि ते कोण रांधतं? कॅसियन नावाचा संन्यासी मिसरमध्ये एका म्हाताऱ्या साधूकडे गेला तेव्हा त्या म्हाताऱ्याने पाहुण्यांसाठी उपास मोडून पान वाढलं. म्हणाला, उपास माझ्यापाशी कायमचाच आहे, तुम्ही थोडेच कायम राहणार? उपास आपल्या मर्जीचा, प्रेम ही देवाची आज्ञा. हे पाहुण्यांच्या बाबतीत. घरच्या माणसाला तर आपण पाहुण्याइतकाही मान देत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, "आम्हांला परीक्षेत आणू नकोस." तिथला मूळ ग्रीक शब्द, पेइरास्मोस, मोह आणि परीक्षा दोन्हींसाठी चालतो. तुम्ही दोन वर्षं मोहाच्या पेपराची घोकंपट्टी करताय. परीक्षा रोज पहाटे चारला मोरीत होते आणि तुम्ही गैरहजर.

म्हणून उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं. "मदत करतो" म्हणायचं नाही, पुरतं तुम्हीच. मिसेसना (त्यांचं नावसुद्धा नऊ पानांत कुठे आलं नाही) रात्रीच सांगा की तुम्ही झोपा. त्या पहिले आठ दिवस झोपणार नाहीत, पडल्या पडल्या तुमचे हाल ऐकतील. ऐकू द्या. प्रार्थना पिंप भरता भरता करा. अंतोनी एकदा असाच उबगून बसला असताना त्याला आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोर वळत होता, मधेच उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून वळत होता. तो देवदूत होता, आणि त्याने अंतोनीला एवढंच सांगितलं: असं कर म्हणजे तरशील.

चहाचं म्हणाल तर त्या बाईंना अर्धा चमचा साखर लागते हे तुम्ही मला दोनदा लिहिलंय. घरी साखर किती लागते ते एकदा विचारून बघा. त्या बाईंबद्दल बाकी जे काय ठरवायचं ते महिनाभर पाणी भरून झाल्यावर लिहा, तेव्हा बोलू.

आणि एक. पाणी आलं की लगेच पाइप पिंपात सोडू नका, पहिली धार गढूळ असते. ती जुन्या बादलीत धरायची, मोरी धुवायला होते. तुम्हाला ठाऊक नसणार म्हणून सांगितलं.