टॅलेंट बॅचमध्ये नाव नाही, पण मेट्रोच्या गाड्या बरोबर मोजल्या

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजीला आहे. शाळेनं यंदा ‘टॅलेंट बॅच’ काढली. चौथीचे गुण आणि ५० प्रश्नांचा एक पेपर यांवरून ३० मुलं निवडली, त्यात ती नाही. चौथीत ७६ टक्के होते. बाई म्हणतात, लक्ष नसतं, अक्षर वाईट, उत्तरं अर्धवट सोडते. घरी मात्र ती मेट्रोचे नकाशे काढत बसते. कामठीला आजीच्या घरापर्यंत नवा मार्ग आखून किती गाड्या लागतील याचा हिशेब तिनं मांडलाय. वहीचे फोटो पाठवते आहे. आयक्यू टेस्ट करून घ्यावी का? पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत घालावं का? मिस्टर म्हणतात, तू तिला उगाच डोक्यावर चढवतेस.
— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, ते फोटो मी दोनदा पाहिले. तिनं जाऊन-येऊन ९० मिनिटं धरलीत. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं वाढवलीत आणि बाजूला लिहिलंय, ‘गाडी उलटी निघायला वेळ लागते ना!’ झाली १०० मिनिटं. दर १० मिनिटांनी गाडी हवी, म्हणून १० गाड्या. शिवाय अकरावी, ‘बिघडली तर’. भागाकार कुठंच नाही, रेषेवर गाड्या मांडत मांडत मोजल्यात. वेळापत्रक आखणारी माणसं हेच करतात. त्याच वहीत मागच्या पानावर सात आठे चोपन्नही आहेत, तेही पाहिलं.

एका वहीवरून मी तिला ‘प्रज्ञावंत’ म्हणणार नाही. पण हा प्रश्न तिला कोणी घातला नव्हता. तो तिचा तिनं शोधला आणि टोकाशी गाडी थांबते हेही ती विसरली नाही. वार्षिक परीक्षेत असलं काही दाखवायला जागाच नसते.

आता बॅचबद्दल. शाळेत जाऊन एकच विचारा : त्या तासाला शिकवणार काय? बऱ्याचदा नाव टॅलेंटचं असतं आणि आत शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव चालतो. त्या परीक्षेच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट १२ सेकंद. तसा सराव असेल तर वेग आणि अचूकपणा पाहून मुलं घेतली ते रास्तच आहे, आणि तुमची मुलगी बाहेर राहिली यात तिचं फार काही बिघडलं नाही. पण प्रयोग, प्रकल्प, कोडी असं काही करणार असतील, तर निवडीची चाळणीच चुकली. मग ही वही घेऊन बाईंना भेटा. तक्रार करू नका, नुसतं ते पान दाखवा.

चाळणी चुकणं नवं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. चाचणीत गुण कमी पडले म्हणून वगळलेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कोणालाच नाही.

आयक्यू टेस्ट : नुसता आकडा कळावा म्हणून नको. मात्र तोंडी उत्तर पटकन येतं आणि कागदावर तेच अडतं, असं तुम्हाला दिसत असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे अवश्य जा. समोर बसवून, एकेका मुलाची घेतलेली चाचणी हवी, मोबाइलवरची नको. हुशारी आणि लेखनाची अडचण एकाच मुलात असू शकते. मग दोन्ही एकमेकींना झाकतात आणि मूल ‘बेताचं, आळशी’ ठरतं. आकडा तिला सांगू नका, सासर-माहेरच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. सुरुवातीच्या काळात मी एका मुलासमोरच त्याचा आकडा आईवडिलांना सांगितला होता. पुढचे कित्येक महिने तो अवघड गणिताला हातच लावेना, चुकलं तर आकडा खोटा ठरेल म्हणून! माझी ती चूक अजून डाचते.

त्याआधी घरीच एक करा. सहावी-सातवीच्या गणिताच्या पुस्तकातले शाब्दिक प्रश्न तिला वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. पाचवीच्या पेपरात हुशार मूल आणि नीटनेटकं मूल सारखंच दिसतं, फरक वरच्या इयत्तेच्या प्रश्नांवर कळतो. सातवीचंही जमायला लागलं, तर गणिताच्या तासापुरतं तिला वरच्या वर्गात बसू द्याल का, असं मुख्याध्यापकांना विचारा. पूर्ण वर्ग वगळण्यापेक्षा हे सोपं, आणि मैत्रिणीही तुटत नाहीत.

ज्ञान प्रबोधिनी प्रशाळा १९६९ पासून बुद्धिमान मुलांना शिकवण्याचंच काम करते आहे, पण तिथला प्रवेश पाचवीला असतो आणि तुमची लेक पाचवीत बसलेली आहे. शिवाय दहा वर्षांच्या पोरीला आजी आणि मेट्रोपासून तोडून पुण्याला कशाला? पुढच्या वर्षी सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसवा. तिथं लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखतही असते. लेखीची पायरी मात्र आधी चढावी लागेल. तोवर एखाद्या रविवारी गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात न्या, आणि घाई न करता तिच्या चालीनं फिरू द्या.

मिस्टरांना म्हणावं, डोक्यावर चढवू नका, पण एक दिवस तिच्या शेजारी बसून ती अकरावी गाडी कुठं उभी करणार ते विचारा.

आणि माझ्याकडून तिला एक प्रश्न. सकाळी गर्दीच्या वेळी दहाऐवजी सात मिनिटांनी गाडी सोडायची, तर किती लागतील? उत्तर चौदा आणि वर थोडं उरतं. त्या उरलेल्याचं ती काय करते, ते मला कळवा.