लग्नाचा डेटा कॉपी व्हायला दीड तास, कुठली हार्ड डिस्क घेऊ?

प्रश्न: मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. एका लग्नाचा डेटा २०० जीबीच्या आसपास जातो आणि लॅपटॉपवरून पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकायला दीड तास लागतो. नवीन २ टीबीची घ्यायचीय. साधी घेऊ की एसएसडी? आणि न बिघडणारी कंपनी कुठली? – एक वाचक, सातारा

उत्तर: पैसे जरा थांबून खर्च करा, आधी केबल बघा. दीड तासात २०० जीबी म्हणजे सेकंदाला ३७ एमबीच्या आसपास, आणि यूएसबी २.० या जुन्या, हळू प्रकाराचा प्रत्यक्षातला वेग साधारण एवढाच असतो, त्यामुळे मला डिस्कच्या आधी केबलचा नाहीतर पोर्टचा संशय येतोय. पोर्टेबल डिस्कसोबत रुंद, मधे खाच असलेल्या टोकाची केबल येते ना, ती हरवली की आपण जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल लावतो. ती बसते, डिस्क चालतेही, पण २.० च्या वेगानेच. मूळ केबल लावा आणि लॅपटॉपचं निळं किंवा शेजारी एसएस लिहिलेलं पोर्ट वापरा. डिस्क चांगल्या स्थितीत असेल तर हेच काम अर्ध्या तासात व्हायला हवं.

त्याहून जास्त वेग साध्या हार्ड डिस्ककडून मागू नका. आत तबकडी फिरते, बहुतेक पोर्टेबलमधे मिनिटाला ५४०० वेळा, आणि वेग सेकंदाला १००-१३० एमबीच्या आसपास राहतो. त्यात आजकालच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात, म्हणजे डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले. मधलं एक कौल बदलायचं तर पुढचीही हलवावी लागतात, तसंच इथेही, म्हणून डिस्क भरत आली आणि सलग मोठं कॉपी लावलं की वेग एकदम बसतो. खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, वेगवान आहेच, साध्या यूएसबी ३ पोर्टवर (वर सांगितलेलं निळं पोर्ट) सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास. खोक्यावर १००० लिहिलंय म्हणून जास्त पैसे देणार असाल तर लॅपटॉपला १० जीबीपीएसचं (सेकंदाला १० गिगाबिट) पोर्ट आहे का ते बघा, नाहीतर फरक पडणार नाही. आणि डेटा थेट कार्डावरून घेत असाल तर नेहमीचं एसडी कार्डच ९०-१०० एमबीच्या पुढे जात नाही, तिथे एसएसडी नुसती वाट बघत बसते. डिस्कवरूनच एडिटिंग करत असाल तर मात्र १ टीबीची एसएसडी घ्याच, खूप फरक पडतो.

आता टिकाऊपणा. न बिघडणारी कंपनी नाही हो. माझ्या भाचीच्या बारशाचे व्हिडिओ ज्या डिस्कवर होते ती कॉपी चालू असताना टेबलावरून पडली, फार नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, आणि नंतर नुसती टक-टक करत राहिली. वॉरंटीत नवीन डिस्क मिळाली, व्हिडिओ कायमचे गेले. माझ्या बहिणीला ते सांगताना जे वाटलं ते तुम्हाला कुठल्या नवरीच्या आईला सांगताना वाटू नये असं मनापासून वाटतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं त्यामुळे पडल्याचं भय कमी, पण ती जाते तेव्हा बऱ्याचदा काही सूचना न देता जाते, आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकायला ती योग्य नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर २ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घ्या, जमल्यास वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक स्टुडिओत, एक घरी. दोन्हीवर कॉपी होऊन चार-पाच फाइल उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका, दुसऱ्या दिवशी हळदीची ऑर्डर असली तरी. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा, ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी डेटा हलवा. आणि हजार-दीड हजारात १६ टीबी म्हणून जे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात छोटं मेमरी कार्ड घालून साइज खोटी दाखवलेली असते, जागा संपली की जुन्या फाइलींवरच नवीन लिहिलं जातं आणि फोल्डरमधे नावं मात्र सगळी दिसत राहतात.