ख्रिस्ती धर्मानुसार चांगली कर्मे केली की तारण (पापातून सुटका) मिळते का?

नाही, केवळ सत्कर्मांच्या जोरावर नाही. तारण देवाच्या कृपेने, येशू ख्रिस्तावरील विश्वासाद्वारे मिळते. आधार बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा (२:८-९). पाप म्हणजे नुसती चुकांची यादी नव्हे, तर देवापासून तुटलेपण. माणसाला ते स्वतःहून सांधता येत नाही, म्हणून ख्रिस्ताने वधस्तंभावर प्राण देऊन त्याचे मोल भरले, अशी श्रद्धा आहे. (पाप-पुण्याची वजाबाकी इथे लावायला गेलात की गोंधळ ठरलेला.) मात्र कर्मे बाद होत नाहीत: बायबलमधलेच याकोबाचे पत्र कृतीविना विश्वासाला निर्जीव म्हणते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा जुना वाद नेमका इथलाच. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्र काढून तो बराचसा मिटवला, सगळा नाही.