कैरोमधल्या महागड्या पारंपरिक इजिप्शियन रेस्टॉरंटमध्ये जेवणं वर्थ आहे का? शाकाहारी माणसाला तिथे काय मिळेल?

वर्थ आहे, जा. टूरवाले रोज रात्री ते "इंडियन डिनर" वाढतात ना, पनीर, पिवळी डाळ, जीरा राईस, तेच आठवडाभर खाऊन परत येणाऱ्यांची मला कीव येते. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात अजून भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही पाच जण गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई, नणंद आणि तिचे मिस्टर. सासूबाई माळकरी, कांदालसूण चालतो पण केकसुद्धा अंड्याचा नाही ना हे विचारून खातात. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं आज पनीर बास, आणि झमालेकमध्ये (नाईलमधलं बेट आहे ते, झाडंबिडं, कैरोचा जरा पॉश भाग) एका रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. भावोजी तेव्हापासूनच कुरकुरत होते की वहिनी, एवढ्या पैशात हॉटेलात दोनदा जेवलो असतो. आत पितळी दिवे, जुनं लाकडी काम, उम्म कुलथुमचं (त्यांची जुन्या काळातली प्रसिद्ध गायिका) एक गाणं आम्ही बसलो तेव्हा सुरू झालं ते ब्रेड संपला तरी चालूच.

सुरुवात मस्त झाली. ऐश बलादी म्हणजे कोंड्यासकट पिठाच्या फुगलेल्या गरम रोट्या, ताहिना (तिळाची पातळ पेस्ट), लोणची. मग बिसारा. सोललेल्या फावा बीन्स शिजवून घोटायच्या, त्यात कोथिंबीर, पुदिना आणि शेपू, वरून तळलेला कांदा. वालाचं बिरडं घोटून त्यात शेपू घातल्यासारखं लागतं, सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या हे तर आपलंच आहे. इजिप्शियन लोक शेपू इतका खातात हे मला माहीतच नव्हतं, त्यांच्या महशीच्या (कोबीची पानं, वांगी, झुकिनी यात तांदूळ भरतात) सारणातही तो असतो.

मग भावोजींनी शेजारच्या टेबलावर हिरवं काहीतरी बघितलं आणि वेटरला म्हणाले, ते पालक सूप आणा. ते पालक नव्हतं, मोलोखिया होतं. तागाचा म्हणजे ज्यूटचा पाला बारीक चिरून रश्श्यात शिजवतात, भेंडीसारखा बुळबुळीत होतो, आणि वरून लसूण-धण्यांची तुपातली फोडणी. ती फोडणी ओतताना करणारी बाई मोठ्याने श्वास आत ओढते, नाही ओढला तर चव येत नाही म्हणतात. अल-हाकिम नावाच्या फातिमी खलिफाने हजारएक वर्षांपूर्वी यावर बंदी घातली होती, लोकांनी काही खायचं सोडलं नाही. तर वेटरने काहीतरी विचारलं, भावोजी फोनमध्ये डोकं घालून म्हणाले यस यस, नो मीट. वेटरने अगदी प्रामाणिकपणे मीट न घालता आणलं. सासूबाईंनी दोन वाट्या भातावर घेऊन खाल्लं.

बिलावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं, मोलोखिया विथ रॅबिट.

रस्सा सशाचा होता. "मीट नको" म्हटलं की तिथे तुकडे काढतात, रस्सा तोच असतो. मी भावोजींना हळूच म्हटलं, आईंना आत्ता काही सांगू नका, रात्रभर झोपणार नाहीत. हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सक्काराला (तिथले जुने पिरॅमिड बघायला) जाताना बसमध्ये माइक मिळाल्यासारखे सगळ्या ग्रुपसमोर सांगून मोकळे, "वहिनींनी सासूला ससा खाऊ घातला." आणि सासूबाई बोलल्या कुणाला, तर मला. जावयाला कोण बोलणार? पुढचे तीन दिवस त्या केळी आणि खाकऱ्यावर होत्या. गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यातही हा किस्सा झाला, आणि प्रत्येक वेळी ऑर्डर मीच दिलेली असते. मी पण विचारायला हवं होतं, मान्य आहे, पण ऑर्डर त्यांची होती.

तर शाकाहारी असाल तर तिथे "सियामी" हा शब्द वापरा. म्हणजे उपासाचं. तिथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काही खात नाहीत, त्यामुळे सियामी म्हटलं की रस्सासुद्धा येत नाही. फक्त मासे काही उपासांना चालतात, ते वेगळं विचारा. भेंडी (बामिया) आणि महशीसुद्धा बऱ्याचदा मटणाच्या नाहीतर चिकनच्या रश्श्यात करतात, भाजी दिसली म्हणून मागवू नका.

"पैसे देऊन भेंडी-वालच खाल्ले" हे भावोजींचं दुसरं पालुपद. अहो पण तेच तर आहे. रस्त्यावर तुम्हाला कोशरी (भात, मसूर आणि पास्ता एकत्र), फूल (शिजवलेल्या फावा बीन्स), तामिया (फावा बीन्सचे तळलेले वडे) छान आणि स्वस्त मिळेल, कबाबवाले मिळतील, पण मोलोखिया, महशी, भरलेलं कबुतर हे घरी करायचं जेवण. कैरोत तुमची मावशी राहत नसेल तर ते अशाच ठिकाणी मिळणार.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या बिलाचा आकडा सांगून उपयोग नाही, मार्च २०२४ मध्ये त्यांचा पाउंड एकदम पडला, सगळे भाव बदलले. मेनूवरच्या किमतीवर १२ टक्के सर्व्हिस आणि १४ टक्के व्हॅट बहुतेक ठिकाणी वेगळा लागतो, आणि वर वेटरला टिप द्यावीच लागते. हुक्क्याचा धूर चालत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा. शेवटी उम्म अली मागवा, दूधपोळीच म्हणा ना, फक्त खारीसारखी पेस्ट्री आणि सुकामेवा, ओव्हनमधून काढलेली. ती सासूबाईंनी खाल्ली होती आणि त्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.