पाच तख्तं एकाच फेरीत करायची का?

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. सासूबाई पक्क्या वारकरी, वय ७२, सासरे ७६. मागच्या वर्षीपासून सासूबाई म्हणून राहिल्या की एकदा सुवर्णमंदिर पाहायचं आणि पाचही तख्तं, म्हणजे शिखांची पाच मुख्य धर्मपीठं, करायची. यजमानांना फार तर दहा दिवस सुट्टी मिळेल. आम्ही शीख नाही, तर तिथं राहायला, जेवायला चालतं का? दोघांचे गुडघे दुखतात, कसं जमवायचं?

उत्तर : आधी मोकळं सांगते, दहा दिवसात पाच तख्तं करू नका. एक पाटण्याला, एक नांदेडला आणि तीन पंजाबात, म्हणजे अमृतसरचं अकाल तख्त, आनंदपूरचं केसगढ साहिब आणि भटिंड्याकडचं दमदमा साहिब. या वयात दोघांचा सगळा वेळ गाडीत जाईल, दर्शन धावतपळत होईल आणि सासूबाईंच्या मनात राहायचं तेच राहून जाईल. त्यापेक्षा दोन फेऱ्या करा आणि पहिली आपल्या घराजवळची करा.

नांदेड नागपूरहून रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर, वर्धा-यवतमाळवरून रस्ता चांगला आहे, सकाळी निघालात की मध्ये चहा-जेवणाला थांबूनसुद्धा दुपारनंतर पोचता. गुरु गोबिंदसिंगजींनी १७०८ साली इथंच देह ठेवला आणि आपल्यानंतर कोणी माणूस नाही तर ग्रंथच गुरु, हे इथंच सांगितलं. त्यामुळे हजूर साहिबला, म्हणजे नांदेडच्या तख्ताला, नुसतं जवळचं आहे म्हणून जाऊ नका, जरा निवांत दोन मुक्काम करा. आत्ताची गुरुद्वाराची इमारत महाराजा रणजितसिंगांनी बांधवली. तिथं रोज गोदावरीचं पाणी घागरीने आणून सेवा होते, संध्याकाळी आरती असते, सासूबाईंना तर घरच्यासारखंच वाटेल बघा. गावातच नगीना घाट, बंदा घाट, माळटेकडी असे बरेच गुरुद्वारे आहेत, एक रिक्षा ठरवली की होऊन जातात. सगळे झालेच पाहिजेत असं काही नाही.

आणि येताना हिंगोली-वाशीमवरून या, कारण हिंगोलीजवळ नर्सी आहे, आपल्या नामदेव महाराजांचं गाव. वारकरी माणसाला हे सांगायलाच हवं की गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि शीख भाविक भगत नामदेव म्हणून त्यांना मानतात, नर्सीला त्यांचा गुरुद्वाराही आहे. मला विचाराल तर तुमच्या यात्रेचा धागा हाच धरा, नर्सीपासून घुमानपर्यंत. घुमान पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात, नामदेव तिथं बरीच वर्षं राहिले असं मानतात, २०१५चं आपलं मराठी साहित्य संमेलन तिथंच झालं होतं. अमृतसरहून टॅक्सीने दीडेक तास. टूरवाले हे गाव सहसा दाखवत नाहीत, तुम्ही मात्र सोडू नका.

पंजाबची फेरी फेब्रुवारीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या खूप लेट होतात आणि म्हाताऱ्या माणसांना प्लॅटफॉर्मवर थंडीत बसवणं नको. नागपूरहून अमृतसरला थेट गाडी मिळते, नाहीतर दिल्लीला उतरून पुढे जा, तिथले बंगला साहिब आणि सीसगंज हे गुरुद्वारे तेवढ्यात होतात. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी लोअर बर्थ बघा. नांदेडहून रोज सचखंड एक्सप्रेसही निघते, वाटेत स्टेशनांवर सेवेकरी प्रवाशांना लंगर, म्हणजे मोफत जेवण, वाढतात त्यामुळे लोक घरून ताट-डबा घेऊनच बसतात, पण ती नागपूरवरून जात नाही आणि प्रवास फार लांबचा, गुडघ्यांचा विचार करता मी नको म्हणेन.

अमृतसरला तीन मुक्काम. आत शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात, व्हीलचेअरची सोय आहे, लाजू नका, मागून घ्या. एकदा पहाटे जा आणि एकदा रात्री ग्रंथसाहिबची पालखी अकाल तख्ताकडे निघते तेव्हा जा, वारीत पालखी पाहिलेल्या बाईला वेगळं काही समजावायला लागणार नाही. जालियनवाला बाग शेजारीच आहे. मग एक दिवस घुमान आणि शेवटी आनंदपूर, जिथं १६९९च्या बैसाखीला खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, स्थापन झाला. तिथलं विरासत-ए-खालसा म्युझियम सोमवारी बंद असतं, त्या हिशोबाने दिवस ठरवा. गोइंदवालची ८४ पायऱ्यांची बावडी (पायऱ्यांची विहीर) मात्र यावेळी राहू द्या. दमदमा साहिब आणि पाटणा पुढे कधीतरी.

राहायला-जेवायला धर्म कोणी विचारत नाही. यात्री निवासात आधारकार्ड लागतं, गर्दीच्या दिवसात आधी बुकिंग करा. डोकं सगळ्यांचं झाकलेलं हवं, पदर चालतो पण घसरतो म्हणून रुमाल ठेवा. सासऱ्यांना खर्रा-तंबाखू खायची सवय असेल तर तो खिशातसुद्धा नको, खोलीवरही नको, हे प्रेमाने पण आधीच सांगा. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, लंगरमध्ये लागेल तेवढंच वाढून घ्यायचं, खाली बसवत नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा, ते सोय करून देतात. आणि जमलं तर सासूबाईंना तासभर भाजी निवडायच्या सेवेला बसवा, बसल्या जागी होते आणि भाषा येत नसली तरी काही अडत नाही.

प्रश्न : याच ट्रिपमध्ये कर्तारपूर साहिब होईल का? पासपोर्ट लागतो का?

उत्तर : कर्तारपूर साहिब पाकिस्तानात आहे, त्यामुळे पासपोर्ट लागतो, व्हिसा नाही. ऑनलाइन नोंदणी बरीच आधी करावी लागते, पलीकडची फी २० डॉलर आणि त्याच दिवशी परत यायचं असा नियम. तिथं जायचा खास रस्ता, म्हणजे कॉरिडॉर, ९ नोव्हेंबर २०१९ला सुरू झाला पण मे २०२५मध्ये आपल्या बाजूने बंद केला गेला, म्हणून तिकिटं काढायच्या आधी सरकारी साइटवर चालू आहे का ते बघा आणि त्याच्या भरवशावर बाकीचे दिवस अडकवू नका. बंद असला तरी आपल्या बाजूला सीमेजवळ असलेल्या डेरा बाबा नानकला जाता येतं, घुमानच्या दिवशीच बटाल्यावरून तिकडे वळा. गुरुनानकजींची शेवटची वर्षं जिथं गेली ते कर्तारपूर तिथून सीमेपलीकडे चारेक किलोमीटरवर आहे. हवा स्वच्छ असेल तर गुरुद्वारा दिसतो, दुर्बीण असेल तर घेऊन जा.