बाग मोडू नकोस, आधी दहा गुंठे लाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद, असं आमच्या पिढीत पत्र सुरू व्हायचं. पण तू रात्री साडेअकराला मेसेज टाकलास की काका, दिंडोरीतली दोन एकर द्राक्षबाग मोडून सगळी अश्वगंधा लावू का, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. नको लावू. यंदा तरी नको.

दहा गुंठे घे, तेही वरच्या अंगाचं मुरमाड रान, जिथं सोयाबीन पण धड येत नाही. अश्वगंधाची औषधाला मुळीच विकायची असते आणि तिला भारी काळी जमीन मानवत नाही, पाणी तुंबलं की मुळ्या कुजतात आणि नाही कुजल्या तरी फेब्रुवारीत टणक झालेल्या ढेकळातून उपटताना निम्म्या तुटून आतच राहतात. पेरणी पाऊस ओसरला की ऑगस्टच्या शेवटी, फोकून पेरलं तर एकरी 4-5 किलो बी, म्हणजे तुला किलो-सव्वा किलो पुरे. 5-6 महिन्यांनी पानं पिवळी पडून फळं लाल झाली की काढायचं.

इथपर्यंत कोणीही करतो रे, खरी गंमत पुढं आहे. मी पहिल्या वर्षी मुळ्या धुतल्या, बोटभर तुकडे केले, चार दिवस ऊन दिलं आणि संध्याकाळी आभाळ आलं म्हणून घाईघाईनं खताच्या रिकाम्या गोण्यांत भरून टाकल्या (खताच्या गोण्या, अक्कल बघ माझी). पंधरा दिवसांनी गोणी सोडली तर आत पांढरी बुरशी, वास असा की तुझी काकू पडवीत थांबेना. तेव्हापासून एकच टेस्ट. मुळी हातात धरून वाकवायची, वाकली तर ओली, कट्कन मोडली तरच भरायची, आणि तेही स्वच्छ बारदानात.

दुसरं, तुझ्या तीन बाजूंना द्राक्षं आहेत हे विसरू नकोस. ऑक्टोबर छाटणी झाली की ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागची फवारणीची यंत्रं, सुरू होतात, शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याबरोबर तुझ्या पानांवर येणारच. तू मेसेजमध्ये तुळस पण लिहिलीयस, तिचं तर पानच विकायचं असतं, ती बागेच्या बांधाला अजिबात नको. माल घेणारा चांगला असेल तर लॅबला लावतो आणि फवारणीच्या औषधांचे अंश सापडले की लॉट परत. शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही, त्याचं पण पोट त्यावरच आहे, त्यामुळं मधे शेवरीच्या झाडांची नाहीतर गजराज या उंच चाऱ्याच्या गवताची दाट ओळ आत्ताच धर. आणि मजुरांचं बघ, पेठ-सुरगाण्याकडची माणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष काढणीत अडकलेली असतात, तुझी मुळी उपटायला कोण येणार? दहा गुंठे म्हणजे घरच्यांच्यात होतं, दोन एकर होत नाही.

विक्रीचं म्हणशील तर पेरायच्या आधी बोल, नंतर नाही. 2003 ला मी सफेद मुसळी लावली होती, तेही मुळीचंच औषधी पीक. एक कंपनी आली, महागडं बेणं दिलं, सगळा माल आम्हीच उचलू म्हणून स्टँपपेपरवर लिहून पण दिलं, आणि काढणीच्या वेळी फोन लागेना, ऑफिसला कुलूप. ते बेणं माझ्या एका बैलजोडीच्या किमतीचं होतं. म्हणून जो बेणं विकतो आणि तोच माल घेईन म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब. राहुरीच्या कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींवर काम चालतं, बियाण्याची चौकशी तिथं कर. आणि आपल्या नाशकातल्या दोन-चार काष्ठौषधींच्या दुकानांत नमुना घेऊन स्वतः जा, फोनवर कोणी खरा भाव सांगत नाही.

घरासाठी मात्र बिनधास्त लाव, अडुळसा, गवती चहा, कोरफड, आणि बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल सोड. फक्त गुळवेलीची कांडी ओळखीच्या वेलाचीच आण, तिच्यासारखा दिसणारा दुसरा एक वेल आहे, त्याच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे मोठे उंचवटे असतात, तो नको. आणि वेल आपल्या घरचा आहे म्हणून आल्यागेल्याला काढा पाजत बसू नकोस, विशेषतः ज्यांना लिव्हरचा त्रास आहे किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आपण पिकवणारे, वैद्य नाही.

रविवारी ये. वरच्या तुकड्यातली वीतभर खोलीची माती पिशवीत घेऊन ये, बघितल्याशिवाय मी पेर म्हणणार नाही.

तुझा,
काका

ता.क. वडिलांना बाग मोडायचं अजून बोलला नसशील तर बोलूच नको.